कोंबडीचं आतडं भिंतीवर हलताना दाखवायचं: प्रयोगाच्या नोंदी

मी कराडजवळच्या एका कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवते. विच्छेदन बंद झाल्यापासून पचनसंस्था फळ्यावरच्या आकृतीवर आली आहे, आणि आकृतीतलं आतडं हलत नाही. २८ फेब्रुवारीच्या विज्ञान दिनाला मुलांना खरं आतडं चालताना दाखवायचं ठरवलं. त्यासाठी एकही प्राणी मारायचा नव्हता. चिकनच्या दुकानात जे बादलीत फेकतात तेच वापरायचं होतं. कुणाला आपल्या कॉलेजात हेच करायचं असेल तर माझे चुकलेले दिवस तरी वाचावेत, म्हणून लिहून ठेवते.

७ जानेवारी २०२४, रविवार

सकाळी सातला दुकानात गेले. भाईंनी पक्षी साफ करून आतडं बादलीत टाकलं आणि मी वाकून बघत बसले. ढिगाऱ्यात एक वेटोळं हळूच आवळत होतं, सैल पडत होतं, शेजारचं आवळत होतं. भाई म्हणाले, "मॅडम, मुंडकं गेलं तरी हे पंधरा-वीस मिनिटं वळवळतं. आत जंत असतील." त्यांच्या परवानगीने एक तुकडा तिथेच उभा चिरून दाखवला. आत एकही जंत नव्हता, हिरवट-पिवळा पातळ लगदा होता. हलत होती ती भिंतच. भाईंनी दुकानातल्या पोऱ्याला हाक मारून तेही दाखवलं.

मला दाखवायचं आहे ते हेच. १८९९ मध्ये बेलिस आणि स्टार्लिंग यांनी कुत्र्याच्या आतड्यावर दाखवलं, की बाहेरच्या नसा तोडल्या तरी आतडं अन्नाच्या मागे आवळतं आणि पुढे सैल पडतं. मेंदूकडून हुकूम यावा लागत नाही, कारण आतड्याच्या भिंतीतच स्नायूंच्या दोन थरांमध्ये चेतापेशींचं स्वतःचं जाळं असतं.

एक व्यवहाराची गोष्ट. सोमवार, गुरुवार आणि शनिवारी आमच्याकडे गिऱ्हाईक कमी, त्यामुळे पक्षी उशिरा कापतात. ताजं आतडं हवं असेल तर रविवार, बुधवार किंवा शुक्रवार धरा.

१० जानेवारी, बुधवार

आतडं जिवंत ठेवायला टायरोडचं द्रावण लागतं. १ लिटरला मीठ म्हणजे सोडियम क्लोराइड ८ ग्रॅम, पोटॅशियम क्लोराइड ०.२, कॅल्शियम क्लोराइड ०.२, मॅग्नेशियम क्लोराइड ०.१, खाण्याचा सोडा १, सोडियम डायहायड्रोजन फॉस्फेट ०.०५ आणि ग्लुकोज १ ग्रॅम. १९१० पासून हेच प्रमाण चालत आलं आहे.

मी सगळं एकत्र चंचुपात्रात घातलं आणि वरून पाणी ओतलं. दोन मिनिटांत द्रावण पांढरट झालं. कॅल्शियमची सोडा आणि फॉस्फेटशी गाठ पडली की साका तळाशी बसतो आणि आतड्याला कॅल्शियम मिळतच नाही. पाच लिटर ओतून द्यावं लागलं. आता पद्धत अशी ठेवली आहे: बाकी सगळं भरपूर पाण्यात विरघळवायचं, पाणी जवळजवळ खुणेपर्यंत आणायचं, कॅल्शियम वेगळ्या पाण्यात विरघळवून सगळ्यात शेवटी, ढवळत ढवळत, थेंबाथेंबाने घालायचं. ग्लुकोज त्याच दिवशी सकाळी, नाहीतर बाटलीत बुरशी धरते.

वजनातही गफलत झाली होती. आमच्या बाटलीवर 'डायहायड्रेट' लिहिलं आहे हे मी वाचलंच नव्हतं. त्या मिठात पाणी धरलेलं असतं, म्हणून ०.२ च्या जागी ०.२६ ग्रॅम घ्यावं लागतं. मॅग्नेशियमचं हेक्झाहायड्रेट असेल तर ०.१ च्या जागी ०.२१. पाणी डिस्टिल्डच वापरा, आमच्या बोअरचं पाणी फार जड आहे.

१२ जानेवारी, शुक्रवार

तापमान ३७ अंशांवर स्थिर हवं. कोंबडीचं अंग ४१ च्या आसपास असतं, पण शरीराबाहेर काढलेलं आतडं ३७ ला जास्त वेळ टिकतं. माशांच्या टाकीचा हीटर आणला, ६५० रुपये. रात्रभर लावून ठेवला आणि सकाळी पाहिलं तर ३४. मग खोक्यावरची बारीक अक्षरं वाचली. हे हीटर ३४ च्या वर जातच नाहीत, माशांना त्याहून जास्त लागत नाही. ६५० रुपये पाण्यात गेले.

१४ जानेवारी, रविवार

पाणी ३४ लाच, तरी आतडं आणून पाहावं म्हटलं. भाईंनी प्लास्टिकच्या पिशवीत बर्फ घालून दिलं. लॅबमध्ये येईपर्यंत पाऊण तास गेला. पिशवी उघडली तर आतडं बर्फाला चिकटलेलं, वरची बाजू सुकून कागदासारखी. टायरोडमध्ये टाकलं, दीड तास थांबले. काही हललं नाही.

चुका तीन होत्या. बर्फ थेट लागला, आतडं कोरडं आलं आणि वेळ फार गेला. तेव्हापासून रुंद तोंडाच्या थर्मासमध्ये टायरोड भरून दुकानात नेते. आतडं सुटलं की लगेच त्यात. मग कुठे न थांबता थेट लॅब, बारा मिनिटांत. आदल्या रात्री गाडीतून उपाशी आलेले पक्षी असतील तर उत्तम, आतडं जवळजवळ रिकामं मिळतं.

१७ जानेवारी, बुधवार

घरचा पाणी तापवायचा रॉड प्लास्टिकच्या टबात लावला, सोबत ४८० रुपयांचा डिजिटल तापमान-नियंत्रक. ३७ ला रॉड बंद व्हायचा, पण १००० वॉटचा रॉड बंद झाल्यावरही तापलेलाच असतो. पाणी ४४ ला गेलं. आतडं एकदा घट्ट आवळलं आणि पांढरट होऊन तसंच राहिलं, शिजल्यासारखं. ते बघताना वाईट वाटलं.

लॅबचे मामा दुपारी बाजारातून कपभर चहा गरम करायचा छोटा रॉड घेऊन आले. २५० वॉट, १८० रुपये. त्याच नियंत्रकावर लावला तर ३६.६ ते ३७.३ च्या मध्ये राहिला. शिवाय हवेचे बुडबुडे सोडणारी एक नळी टबात सोडली, म्हणजे पाणी सगळीकडे सारखं तापतं. रॉडचा पिन काढल्याशिवाय टबात हात घालायचा नाही, हे मामांनी टबावर लाल अक्षरांत लिहून चिकटवलं आहे. तुम्हीही लिहा.

२१ जानेवारी, रविवार

आज हललं!

आधी मांडणी सांगते. विकत मिळणाऱ्या मोठ्या काचेच्या ऑर्गन बाथची, म्हणजे अवयवाचा तुकडा कोमट द्रावणात टांगायच्या भांड्याची, किंमत आमच्या विभागाला झेपणारी नाही. ५० मिलीची सिरिंज घेतली, दट्ट्या काढला आणि ती तोंड खाली करून टबाच्या तळातून बाहेर काढली. भोवतीची फट सिलिकॉनने बंद केली. सिरिंजच्या तोंडाला थ्री-वे म्हणजे तीन तोंडांची तोटी, एका बाजूला टायरोड येणारी सलाइनची नळी, दुसऱ्या बाजूला निचरा. आत येणाऱ्या नळीची सहा वेटोळी टबाच्या पाण्यात बुडवून ठेवली आहेत, म्हणजे द्रावण गरम होऊनच आत येतं. सिरिंजमध्ये नेहमी ३० मिलीची खूण. माशांच्या टाकीच्या पंपातून हवा, तीही आत. टायरोडला साधी हवा पुरते, ऑक्सिजनचं सिलिंडर लागत नाही.

आता तुकडा. लहान आतड्याच्या मधोमध बाहेरून एक बारीक बोंड दिसतं. अंड्यात असताना पिल्लाचं आतडं बलकाच्या पिशवीशी जिथून जोडलेलं असतं, त्याची ती उरलेली खूण. तिला धरून वरचा भाग आणि खालचा भाग ओळखायचा. मी वरचा, तीन सेंटिमीटरचा तुकडा घेतला. भिंतीला चिकटलेला पातळ पडदा कात्रीने अलगद काढला. आतला लगदा धुताना पहिल्यांदा मी सिरिंजने जोर लावला होता आणि तुकडा फुगून मऊ पडला, तो वाया गेला. आता सिरिंजचा दट्ट्या न दाबता, नुसत्या वजनाने पाणी जाऊ देते.

दोरा बांधताना आतड्याचं तोंड आवळू नका. दोन्ही टोकांना एकेका भिंतीतून सुई घालून गाठ मारायची, नळी आरपार उघडी राहिली पाहिजे. मी आधी पोत्याचं तोंड बांधावं तसं बांधलं होतं, आत पाणी कोंडलं आणि तुकडा ताणून बसला.

वरचा दोरा तरफेला. तरफ म्हणजे खराट्याची एक हीर, मधे टाचणीचा टेकू, मागे मातीच्या गोळीचं वजन. गोळी आधी तीन ग्रॅमची होती. आतडं ताणलं गेलं आणि गप्प. एक ग्रॅमच्या आत आणली. दर दहा मिनिटांनी द्रावण बदलत राहिले. चाळीस मिनिटं काहीच नाही, मी चहाला जायला उठले. मामा म्हणाले, "मॅडम, थांबा. हीर हलली."

हीर खरंच हलत होती. खाली, वर, थांबून पुन्हा खाली. मिनिटाला सात-आठ वेळा. मी पहिला मिनिटभर नुसती मोजत राहिले, मोबाइल काढायचं सुचलंच नाही.

१९०४ मध्ये माग्नुस यांनी मांजरीच्या आतड्याचा तुकडा असाच गरम द्रावणात टांगून दाखवला होता. त्याआधी हे बहुतेक वेळा पूर्ण प्राण्यावरच बघितलं जायचं.

२४ जानेवारी, बुधवार

खालच्या भागाचा तुकडा लावला. मिनिटाला पाच. वरचा भाग जास्त वेगाने, खालचा सावकाश. माणसातही असंच आहे: आमाशयाचा ठेका मिनिटाला ३, लहान आतड्याच्या सुरुवातीला १२, शेवटाकडे ८-९. हा ठेका भिंतीतल्या काहाल पेशी देतात. तापमान ३२ ला आणलं तर तोच तुकडा मंदावला, ३७ ला परत वेग धरला.

आज अर्धा दिवस वेगळ्याच गोष्टीत गेला. हीर उड्या मारत होती आणि मला वाटलं जोरात आवळतंय. हवेचा पंप बंद केला तर उड्या बंद. मोठे बुडबुडे आतड्याला धक्का देत होते. नळीच्या टोकाला बारीक सुई बसवली, झडपेने हवा कमी केली आणि बुडबुडे आतड्याच्या बाजूने न सोडता सिरिंजच्या कडेने सोडले. तुमच्याकडे काही हललं तर पहिल्यांदा पंप बंद करून बघा.

२६ जानेवारी, शुक्रवार

झेंडावंदन झाल्यावर लॅब उघडली. हीर ६० मुलांना मागून दिसणार नाही. टेकूच्या टाचणीवर नखाएवढा आरशाचा तुकडा चिकटवला आणि त्यावर दीडशे रुपयांचा लेझर सोडला. लाल ठिपका चार मीटरवरच्या भिंतीवर. आतड्याचा दोरा टेकूपासून चार सेंटिमीटरवर आहे, आणि आरसा जितका फिरतो त्याच्या दुप्पट किरण फिरतो. म्हणजे आतडं एक मिलिमीटर आखूड झालं की ठिपका वीस सेंटिमीटर सरकतो. दिवे बंद केले. भिंतीवर ठिपका श्वास घेतल्यासारखा वर-खाली होत होता, आणि एकदा तो छताजवळ जाऊन हळूहळू उतरला. लेझर मुलांच्या डोळ्यांच्या उंचीवर येणार नाही असा बसवा.

२८ जानेवारी, रविवार

कॅल्शियम न घातलेला टायरोड सोडला. तीन वेळा धुतल्यावर ठिपका लहान होत गेला आणि थांबला. तुकडा मेला नव्हता. कॅल्शियमवाला टायरोड परत दिला, सहा मिनिटांनी पहिली बारीक हालचाल, पंधरा मिनिटांनी पूर्वीसारखं. १० तारखेला पांढरं पडलेलं ते द्रावण ओतून दिलं ते बरं केलं.

४ फेब्रुवारी, रविवार

फार्मसी कॉलेजात शिकवणाऱ्या मैत्रिणीला बोलावलं होतं. तिने अ‍ॅसिटिलकोलिन आणलं (चेतापेशी आतड्याच्या स्नायूंना आवळायचा निरोप याच रसायनाने देतात), त्याच दिवशी विरघळवलेलं. अ‍ॅड्रेनलिन आणि अ‍ॅट्रोपिनची इंजेक्शनंही तिच्या ताब्यात. ही औषधं शिक्षकाशिवाय मुलांच्या हातात देऊ नका.

अ‍ॅसिटिलकोलिनने ठिपका भिंतीवरून छतावर गेला, धुतल्यावर परत आला. अ‍ॅड्रेनलिन अगदी थोडं, मिलीला ०.१ मायक्रोग्रॅम पडेल इतकं, तेवढ्यात ठिपका खाली आला आणि ठेका मंद झाला. माणूस घाबरतो तेव्हा पोट का थांबतं, हे मुलांना याहून सोप्या भाषेत सांगता येणार नाही. अ‍ॅट्रोपिन (ते हा निरोप अडवतं) आधी घातलं की नंतरच्या अ‍ॅसिटिलकोलिनला आतडं जवळजवळ ओळखच देत नव्हतं.

यात एक मोठी चूक सापडली आणि ती मैत्रिणीमुळे सापडली. ती म्हणाली, "नुसता टायरोड टाकून बघितलास का गं?" बघितला नव्हता. औषध न घातलेला टायरोड, फ्रिजशेजारच्या बाटलीतला, ०.३ मिली टाकला. ठिपका उडाला! आतडं थंडीला आवळत होतं. म्हणजे सकाळपासूनच्या माझ्या निम्म्या नोंदी थंड थेंबांच्या होत्या. त्या सगळ्या खोडल्या. आता औषधांच्या बाटल्या टबातच उभ्या असतात आणि प्रत्येक औषधाआधी तेवढाच कोमट, कोरा टायरोड टाकून बघते. ठेका ठरवून घेतला आहे: अर्धा मिनिट नुसतं बघायचं, अर्धा मिनिट औषध, मग धुवायचं, पुढचं औषध पाच मिनिटांनी.

११ फेब्रुवारी, रविवार

इथपर्यंत मी आतड्याची लांबी कमी-जास्त होताना बघत होते, म्हणजे उभ्या स्नायूंचं काम. अन्न पुढे कसं जातं ते यात दिसत नाही. म्हणून पंधरा सेंटिमीटरचा अख्खा तुकडा उथळ ट्रेमध्ये कोमट टायरोडखाली ठेवला, आत खाण्याचा गुलाबी रंग घातलेला टायरोड थोडासा भरला, टोकं सैल बांधली.

मी वाट बघत होते ती क्रमसंकोचाची. पुस्तकात लाट दाखवतात तशी, एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे जाणारी. पहिला पाऊण तास तसं काहीच झालं नाही आणि मला वाटलं प्रयोग फसला. तीन-चार ठिकाणी आडव्या कड्या आवळत होत्या, गुलाबी रंग मधे कोंडत होता. मग त्याच जागा सैल आणि मधल्या जागा आवळलेल्या. गुलाबी पाणी अर्धा सेंटिमीटर पुढे, अर्धा सेंटिमीटर मागे. पाऊण तासात रंग जेमतेम चार सेंटिमीटर सरकला.

घरी जाताना एसटीत लक्षात आलं की प्रयोग फसला नव्हता. मीच चुकीची गोष्ट शोधत होते. १९०२ मध्ये कॅनन यांनी मांजरींना क्ष-किरणांत दिसेल असं अन्न खाऊ घालून त्यांचं आतडं पाहिलं, तेव्हा त्यांनाही हेच दिसलं होतं: अन्नाचे तुकडे पडतात, तुकड्यांचे अर्धे शेजारच्या अर्ध्यांना मिळतात, पुन्हा तुटतात. आतड्याचं बरंचसं काम ढकलायचं नसतं, घुसळायचं असतं. आई ताक करताना रवी कशी पुढे-मागे फिरवते, तसं. मी इतकी वर्षं फळ्यावर फक्त पुढे जाणारा बाण काढत आले.

आतला दाब थोडा वाढवला, म्हणजे एका टोकाची नळी चार सेंटिमीटर उंच धरली, तेव्हा एकदाच पुरी लाट गेली. त्याचा व्हिडिओ आहे.

१४ फेब्रुवारी, बुधवार

पोट्यानंतर, म्हणजे अन्न भरडणाऱ्या जाड पिशवीनंतर, येणाऱ्या पहिल्या वळणाचा तुकडा तसाच ट्रेमध्ये ठेवला. स्वादुपिंड याच वळणाच्या मधे असतं, ते अलगद सोडवलं. या तुकड्यात रंग दोन्हीकडे गेला, मागेही बराच. कोंबडीत हे नेहमीचं आहे, आतड्यातलं अन्न पित्तासकट पोट्यात परत येतं आणि पुन्हा भरडलं जातं. दात नसलेल्या कोंबडीला ही सोय उपयोगी पडते.

एका विद्यार्थ्याने विचारलं, म्हणजे हे रवंथच झालं ना? त्याच्या घरी म्हशी आहेत. प्रश्न चांगला होता. म्हशीच्या पोटाला चार कप्पे, पहिल्यात जंतू चारा आंबवतात आणि मग तो तोंडात परत येतो. कोंबडी, डुक्कर, घोडा, कुत्रा, माणूस यांच्यात तो आंबवण्याचा कप्पा आतड्याच्या आधी नाही. त्यांचं लहान आतड्यापर्यंतचं काम स्वतःच्या पाचकरसांवर आणि या घुसळण्यावर. जे पचत नाही ते पुढे जंतूंच्या हवाली, घोड्याच्या अंधनालाएवढं (मोठ्या आतड्याच्या सुरुवातीची बंद पिशवी) मोठं कोठार त्यासाठीच असतं.

१८ फेब्रुवारी, रविवार

घुसळलं नाही तर काय बिघडतं? हे बघायला उलट्या पिशव्या केल्या. आठ सेंटिमीटरचा तुकडा बोथट विणकामाच्या सुईवर मोज्यासारखा उलटा करायचा, म्हणजे रसांकुरांची मखमली बाजू बाहेर येते. ती बोटाला लागली की ओल्या मखमलीसारखीच लागते. आत १ मिली ग्लुकोजवाला टायरोड भरून दोन्ही टोकं बांधायची आणि बाहेरही तेवढंच ग्लुकोज. भिंत जिवंत असेल तर ती बाहेरचं ग्लुकोज सोडियमच्या जोडीने आत ओढते आणि चाळीस मिनिटांत आतलं प्रमाण वाढतं. जुलाबात मीठ-साखरेचं पाणी एकत्र देतात ते याच जोडीमुळे.

ग्लुकोज मोजायला घरचा ग्लुकोमीटर. १०० चं (डेसिलिटरला १०० मिलिग्रॅम) द्रावण त्याने १४८ दाखवलं. ती पट्टी रक्तासाठी बनवलेली आहे, नुसत्या पाण्यात ती जास्त दाखवते. ५०, १००, १५० आणि २०० ची द्रावणं करून माझा स्वतःचा तक्ता बनवला, नऊ पट्ट्या त्यातच संपल्या. चारपैकी दोन पिशव्या गळत होत्या. आता आत थेंबभर रंग घालते, बाहेर रंग आला की ती पिशवी बाद.

२१ फेब्रुवारी, बुधवार

एक पिशवी हवा सोडलेल्या भांड्यात, दुसरी शांत भांड्यात ठेवली. शांत पिशवीत ग्लुकोज फारसं वाढलं नाही. आनंद झाला, आणि तासाभराने मामांनीच विचारलं, "मॅडम, त्या दुसरीला हवा कुठं होती?" खरंच नव्हती. घुसळणही नाही आणि प्राणवायूही नाही, मग कशामुळे कमी झालं ते कसं सांगणार?

२३ फेब्रुवारी, शुक्रवार

दोन्ही पिशव्या एकाच हवा दिलेल्या भांड्यात. एक दोऱ्याने टांगून स्थिर, दुसरी मी हाताने सारखी वर-खाली करत राहिले. चाळीस मिनिटं, खांदा दुखून आला. अशा तीन जोड्या केल्या. तिन्हींत हलवलेल्या पिशवीचा आकडा वर आला, पण एका जोडीत फरक इतका थोडा की तो पट्टीच्या चुकीतही बसेल. तीन जोड्यांवरून सिद्ध झालं असं मी मुलांना सांगणार नाही. कारण मात्र सांगेन: भिंतीला चिकटून द्रावाचा एक स्थिर थर राहतो, त्यातलं ग्लुकोज भिंत ओढून घेते आणि तिथे ते उरतच नाही. घुसळलं की भिंतीशी ताजं येतं.

२५ फेब्रुवारी, रविवार

रंगीत तालीम. साडेदहाला लाइट गेली. वीस मिनिटांत टब ३४ वर आला, हवा बंद, ठिपका थांबला. घरून थर्मासमध्ये उकळतं पाणी मागवलं आणि थोडं थोडं टबात घालत राहिलो. हवेसाठी बॅटरीवरचा पंप, मासे विकणाऱ्या दुकानात मिळतो. बाराला ठिपका परत हलला. २८ ला उकळत्या पाण्याचे दोन थर्मास आणि तो पंप टेबलाखाली असतील.

खर्च असा झाला: हवेचा पंप ३२०, नियंत्रक ४८०, छोटा रॉड १८०, टब २५०, सिरिंज-नळ्या-थ्री-वे २१०, लेझर १५०, डिस्टिल्ड पाणी ५००, ग्लुकोजच्या पट्ट्या ४५०. एकूण २५४०. शिवाय तो वाया गेलेला हीटर ६५०. क्षार विभागातले होते. भाईंनी आतड्याचे पैसे घेतले नाहीत. आणलेल्या आतड्यांपैकी काही वाया गेली.

हातमोजे घाला. कच्च्या कोंबडीच्या आतड्यात साल्मोनेला असू शकतो. टेबल आणि ट्रे ब्लीचने पुसा, उरलेले तुकडे ब्लीचमध्ये बुडवून मगच पुरा. खाण्याची भांडी आणि ही भांडी कधीही एकत्र करू नका.

२८ फेब्रुवारी, बुधवार

साडेसहाला दुकान, सातला बाथमध्ये, पावणेआठला ठेका लागला. दहाला मुलं आली. दिवे बंद केले आणि मी काही बोलले नाही. एकाने मोजायला सुरुवात केली, मग सगळेच मोजायला लागले. आठ. पुढच्या मिनिटालाही आठ.

अ‍ॅड्रेनलिनने ठिपका उतरला तेव्हा मागच्या बाकावरून "अरे, थांबला!" ऐकू आलं. ट्रेमधल्या गुलाबी रंगाभोवती मुलींचा घोळका दीड वाजेपर्यंत हलला नाही. त्यातल्या एकीने विचारलं, "मॅडम, आपलं पण आत्ता असंच चाललंय?" तिने डबा खाऊन अर्धा तास झाला होता. म्हटलं हो, असंच. आणि पोट रिकामं झालं की वेगळी लाट येते, दर दीड-दोन तासांनी, उरलंसुरलं झाडून पुढे नेणारी.

भाईंनाही बोलावलं होतं. ते दुकान पोऱ्यावर सोपवून आले आणि शेवटपर्यंत दाराशी उभे होते.

२९ फेब्रुवारी, गुरुवार

काल उरलेला एक तुकडा टायरोडमध्ये घालून रात्री फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ठेवला होता. आज गुरुवार, पक्षी उशिरा कापतात, म्हणून तोच लावला. पंचवीस मिनिटं ठिपका भिंतीवर एका जागी होता. मग कळेल न कळेल इतका वर गेला आणि खाली आला. आता दहा वाजलेत, मिनिटाला सहा.